कुटुंबचर्चा : आपली नावे आणि आपली आडनावे



मनुष्य जन्मास येतो तेव्हा त्याच्यापाशी स्वतःचे असे काहीच नसते. अंगावरचे पहिले वस्त्रदेखील दुसऱ्या कोणी शिवलेले असते. त्याला पहिल्याप्रथम मिळणारी आणि अखेरपर्यंत त्याचीच राहणारी वस्तू म्हणजे त्याचे नाव. शेत विकले जाते, घर कोसळते, दागिना गहाण पडतो. परंतु नाव राहते आणि मरणानंतर कबरीवरच्या क्रुसावरही तेच कोरले जाते. असे असून आपल्या नावाचा अर्थ काय आणि आपले आडनाव कोठून आले, याची विचारपूस आपण क्वचितच करतो.

हा विषय केवळ कुतूहलाचा असता तर त्यासाठी या सदराची जागा खर्ची घातली नसती. परंतु आपल्या गावागावांतून तीन प्रश्न वारंवार ऐकू येतात आणि त्यांपायी घरांत वाददेखील होतात. पहिला प्रश्न तरुणांचा : 'आमचे आडनाव परक्यांनी दिलेले आहे, ते टाकून द्यावे काय?' दुसरा वडीलधाऱ्यांचा : 'सोयरीक जुळविताना आडनावावरून कूळ ओळखता येते की नाही?' तिसरा नव्या आईबापांचा : 'बाळाला आपल्या भाषेतले नाव ठेवले तर त्याचा बाप्तिस्मा होईल ना?' या तिन्ही प्रश्नांचे उत्तर नावांच्या इतिहासात आहे. म्हणून आधी तो इतिहास पाहू आणि मग उत्तरांकडे वळू.

पवित्र शास्त्रातली नावे

इब्री लोकांत नाव हे नुसते हाक मारण्याचे साधन नव्हते. त्यात एखादी प्रार्थना, एखादी आठवण किंवा एखादी आशा सामावलेली असे. योहान म्हणजे 'परमेश्वर कृपाळू आहे'. योसेफ म्हणजे 'तो आणखी देवो'. राहेलीने आपल्या पहिल्या पुत्राला हे नाव ठेवले, कारण तिला आणखी एका पुत्राची आस होती. मिखाएल हा तर एक प्रश्नच आहे : 'देवासारखा कोण आहे?' राफाएल म्हणजे 'देव बरे करतो', गाब्रिएल म्हणजे 'देव माझे सामर्थ्य', आन्ना म्हणजे 'कृपा', योना म्हणजे 'कबुतर'. थोमा या अरामी नावाचा अर्थ 'जुळा' एवढाच आहे, आणि पेत्र म्हणजे 'खडक'. शिमोनाला प्रभूने स्वतः दिलेले ते नवे नाव आणि त्याबरोबर नवे कार्यही होय.

संत लूक यांनी सांगितलेली योहानाच्या नामकरणाची हकीकत प्रत्येक ख्रिस्ती घराने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शेजारीपाजारी आणि नातलग बाळाला बापाचेच नाव, म्हणजे जखऱ्या हे नाव, ठेवावयास निघाले. आईने नकार दिला. त्या नावाचा तुमच्या कुळात कोणीच नाही, अशी हरकत लोकांनी घेतली. तेव्हा मुक्या झालेल्या बापाने पाटी मागवून तिच्यावर 'योहान' असे लिहून दिले. कुळाची रीत मोठी खरी, परंतु नावात अभिप्रेत असलेला अर्थ तिच्याहून मोठा, हा या हकीकतीचा बोध आहे.

पुढे ग्रीक आणि लॅटिन भाषांतून आणखी नावे आली. स्तेफन म्हणजे 'मुकुट', लुसिया म्हणजे 'प्रकाशाची', फेलिक्स म्हणजे 'सुखी', विसेंत म्हणजे 'जिंकणारा', दुमिंग म्हणजे 'प्रभूचा'. कायतान म्हणजे इटलीतील गाएटा नावाच्या नगराचा. आपल्याकडे घरोघर आढळणाऱ्या फ्रान्सिस या नावाची कथा तर फार गोड आहे. असिसीच्या संताचे बाप्तिस्म्याचे नाव जोव्हान्नी, म्हणजे योहान, असे होते. त्यांचे वडील कापडाचे व्यापारी असून फ्रान्स देशाशी त्यांचा व्यवहार होता. त्यांनी मुलाला कौतुकाने 'फ्रान्चेस्को', म्हणजे 'फ्रेंच', अशी हाक मारण्यास आरंभ केला आणि ते लाडाचे नाव जगभर पसरले.

गोव्यात नावांच्या प्रसारास स्थानिक कारणेही घडली. आफोंस द आल्बुकेर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा जिंकले. तो दिवस आलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनचा सण होता. म्हणून जुन्या गोव्याचे महामंदिर त्याच संतेला वाहिलेले आहे, आणि कातरीन हे नाव आपल्या आज्या-पणज्यांत कायमचे मुरले. आपल्या लोकांनी ही परकी नावे परकी राहू दिली नाहीत. सेबास्तियांवचे त्यांनी बोस्त्यांव केले, जुआंवचे झुवांव, मिगेलचे मिंगेल, इनासियोचे इनास आणि रोझारियोचे रुझार केले. जिभेवर घोळून घोळून नाव आपल्या मातीचे होते, ते असे.

आडनावांचा उगम

आता आडनावांकडे वळू. आपल्या ख्रिस्ती समाजातील बहुसंख्य आडनावे पोर्तुगीज आहेत, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांतील बरीचशी मुळात आडनावे नव्हती, तर बापाची नावे होती, हे थोड्यांस ठाऊक असते. पोर्तुगीज भाषेत नावाच्या शेवटी 'एस' हा प्रत्यय लागला की 'अमक्याचा मुलगा' असा अर्थ होई. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्स म्हणजे रोद्रिगोचा मुलगा, गोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा, नुनीस म्हणजे नुनोचा, मेंडिस म्हणजे मेंदोचा, आल्वारिस म्हणजे आल्वारोचा, हेन्रिक्स म्हणजे हेन्रिकचा. वाझ हे वास्कोच्या मुलाचे आखूड झालेले नाव आहे. लोपिस म्हणजे लोपोचा मुलगा, आणि लोपो हे नाव लांडगा या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आले आहे. लोबो या आडनावाचा अर्थही पोर्तुगीज भाषेत लांडगा असाच होतो. तेव्हा लोपिस आणि लोबो ही शब्दाच्या नात्याने भावंडेच म्हणावयाची.

ही मूळ नावे कोठली? स्पेन आणि पोर्तुगाल या देशांवर पाचव्या शतकापासून ७११ सालापर्यंत गॉथ नावाच्या जर्मन वंशाच्या लोकांचे राज्य होते. रोद्रिगो, फर्नांदो ही नावे त्यांची. रोद्रिगो या नावात कीर्ती आणि सत्ता या अर्थांचे दोन शब्द आहेत, आणि गॉथांच्या शेवटच्या राजाचे नावही रोद्रिगोच होते. त्यानंतर तेथे अरबांचे राज्य आले. आल्मेदा या आडनावाच्या आरंभी जो 'अल्' ऐकू येतो, तो अरबी भाषेची खूण आहे.

बापाच्या नावाने मुलाला ओळखण्याची ही रीत सर्व जगात आढळते. पवित्र शास्त्रात शिमोनाला 'बार-योना', म्हणजे योनाचा मुलगा, म्हटले आहे. बार्थोलोमी म्हणजे तल्मयाचा मुलगा. इंग्लंडात जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. रायतूर येथे १६१६ साली छापल्या गेलेल्या ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय. त्यांच्या आडनावाचा अर्थ स्तेफनचा मुलगा असा होतो, आणि पोर्तुगीजांतील एस्तेविस या आडनावाचा अर्थही नेमका तोच. आपल्या मराठी मुलखात तर ही रीत आजही जिवंत आहे. शाळेच्या दाखल्यावर मुलाच्या नावाबरोबर बापाचे नाव लिहिण्याची रीत आहे. त्यामुळे एखादा 'जोसेफ मिंगेल फर्नांडिस' आपले नाव लिहितो तेव्हा त्यात दोन बाप येतात : एक खरा, मिंगेल, आणि दुसरा शेकडो वर्षांपूर्वी पोर्तुगाल देशात होऊन गेलेला, ज्याला त्याने किंवा त्याच्या कोणाही पूर्वजाने कधी पाहिले नाही, तो फर्नांदो.

गावे, झाडे, जनावरे

दुसऱ्या प्रकारची आडनावे गावांवरून आणि नद्यांवरून आली. मराठीत आपण गावाच्या नावास 'कर' लावतो. पोर्तुगीज लोक आरंभी 'द', 'दा' किंवा 'दो' लावतात. सौझा ही उत्तर पोर्तुगालमधील एक नदी आहे. तेव्हा डिसोझा म्हणजे आपल्या भाषेत 'सौझकर'. ब्रागांझा म्हणजे ब्रागांसा नगराचा. डिकॉस्टा म्हणजे किनाऱ्याचा, डिसिल्वा म्हणजे रानाचा, रिबेरो म्हणजे ओहोळ. आपल्याकडे ओहोळ हे आडनाव आहेच.

तिसरा प्रकार झाडांचा आणि जनावरांचा. परेरा म्हणजे नासपतीचे झाड, ऑलिव्हेरा म्हणजे जैतुनाचे झाड, कार्व्हालो म्हणजे ओक वृक्ष. कुएलो म्हणजे ससा, कार्नेरो म्हणजे मेंढा. मराठी समाजात लांडगे आहेत तसे आपल्यात लोबो आहेत. माशादो म्हणजे कुऱ्हाड. ती हाती घेतलेले कुऱ्हाडे मराठी मुलखातही आहेत. मोंतेरो म्हणजे डोंगरात शिकार करणारा, म्हणजे आपला पारधी. पोर्तुगालचा शेतकरी आणि महाराष्ट्राचा शेतकरी यांनी एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते. तरीही माणसाला नाव ठेवताना दोघांनी आपापल्या अंगणाबाहेरच्या वस्तूंकडेच पाहिले. शेवटचा प्रकार श्रद्धेचा : डिक्रुझ म्हणजे क्रुसाचा, दोस सांतोस म्हणजे संतांचा, रोझारियो म्हणजे पवित्र जपमाळ.

संत फ्रान्सिस झेवियर यांचे आडनाव या बाबतीत फार बोधप्रद आहे. ते १५०६ साली स्पेनमधील नव्हार प्रांतात झेवियर नावाच्या गढीत जन्मले. त्या गढीचे नाव बास्क भाषेतील असून त्याचा अर्थ 'नवे घर' असा आहे. त्यांच्या वडिलांचे आडनाव हासो आणि आईचे आस्पिल्कुएता. मुलाने मात्र जन्मघराचे नाव घेतले. आडनाव म्हणजे पिढ्यान्पिढ्या न हलणारा दगड, ही समजूत त्या काळी त्यांच्या देशातही नव्हती. पुढे ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास आले, आणि त्या गढीचे नाव आज आपल्या कित्येक मुलांचे पाळण्यातले नाव होऊन बसले आहे.

ही आडनावे आपल्याकडे कशी आली

पोर्तुगीजांना १५१० साली तिसवाडी मिळाली, आणि १५४३ साली बार्देश व साष्टी हे प्रांत त्यांच्या हाती आले. त्यानंतरच्या दशकांत गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. त्या काळी धर्म आणि राजसत्ता एकमेकांपासून अलग नव्हत्या. कोणी श्रद्धेने बाप्तिस्मा घेतला, कोणी राजाश्रयासाठी, तर कोणी दडपणाखाली, असे इतिहास सांगतो. ते झाकून ठेवण्यात सत्याची सेवा होत नाही.

बाप्तिस्म्याच्या वेळी नवख्रिस्ती मनुष्यास संताचे नाव मिळे आणि आडनाव बहुधा धर्मपित्याचे, म्हणजे पाद्रीनाचे, मिळे. पाद्रीन म्हणून पुष्कळदा पोर्तुगीज अधिकारी किंवा सरदार उभा राही. कधी बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूचेच आडनाव दिले जाई. एकाच दिवशी अनेक घराण्यांचा बाप्तिस्मा होई. त्यामुळे नात्यागोत्याचा काहीही संबंध नसलेली माणसे एका आडनावाची झाली, आणि सख्खे भाऊ निरनिराळ्या आडनावांचे होऊ शकले. पुढे यांतील अनेक घराणी गोव्याबाहेर पडून खानापूर, बेळगाव, सावंतवाडी, कारवार या भागांत स्थायिक झाली आणि ही आडनावे आपल्याबरोबर घेऊन गेली.

सर्वत्र असेच घडले असे मात्र नाही. मंगळूरकडील कॅथलिक घराण्यांत प्रभू, कामत, पै, शेट अशी जुनी कुळनावे पोर्तुगीज आडनावांच्या जोडीने स्मरणात राहिली. अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातील, ख्रिस्ती बांधवांनी आपली मराठी आडनावे सोडली नाहीत. प्रॉटेस्टंट पंथीयांपैकी बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी यांनी १८५४ साली आणि नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. दोघांनीही आपली मूळ नावेच चालविली. तात्पर्य, ख्रिस्ती होण्यास परके आडनाव कधीही आवश्यक नव्हते. ते त्या काळाच्या राज्यपद्धतीतून आले. धर्माच्या आज्ञेतून आले नाही.

तीन प्रश्नांची उत्तरे

पहिला प्रश्न : असे आडनाव टाकून द्यावे काय? आमच्या मते त्यात घाई करू नये. ते आपल्या पूर्वजांनी मागून घेतलेले नसेल. परंतु चारशेहून अधिक वर्षे त्याच आडनावाने त्यांनी शेते कसली, लेकी नांदविल्या आणि कबरी बांधल्या. कोणी दिले यापेक्षा कोणी वागविले, याला अधिक मोल आहे. बाणावली येथे १६५१ साली जन्मलेले जोसेफ वाझ हे वास्को नावाच्या कोणा पोर्तुगिजाचे वंशज नव्हते. ते आपल्याच मातीतले. त्यांनी श्रीलंकेतील छळ सोसणाऱ्या ख्रिस्तसभेची सेवा केली, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले. आज 'वाझ' हा शब्द उच्चारला की जगाला पोर्तुगालचा वास्को आठवत नाही, बाणावलीचा जोसेफ आठवतो. तसेच गोन्सालो या नावाचे. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर प्राण दिले. नावाला अर्थ देतो तो ते धारण करणारा मनुष्य. तथापि एखाद्या घराण्यास आपले जुने कुळनाव निश्चित ठाऊक असेल आणि ते आडनावाच्या जोडीने चालवावेसे वाटत असेल, तर त्यात धर्माची आडकाठी नाही.

दुसरा प्रश्न : आडनावावरून कूळ ओळखता येते काय? वर जे सांगितले त्यावरून उत्तर उघड आहे : येत नाही. एकाच धर्मपित्याचे आडनाव ब्राह्मण घराण्यास मिळाले, चाड्डी घराण्यास मिळाले आणि कष्टकरी घराण्यासही मिळाले. तेव्हा 'अमके आडनाव मोठ्यांचे आणि तमके हलक्यांचे' असे म्हणून सोयरीक मोडणाऱ्यांच्या बोलण्यास इतिहासाचा कोणताही आधार नाही. मग ज्या कुंडात सर्वांना एकाच पाण्याने बाप्तिस्मा मिळाला, त्या कुंडाजवळ उभे राहून कुळाचा तोरा मिरविणे कितपत शोभते, याचा विचार ज्याचा त्याने करावा. दुसरी गोष्ट अशी की आडनाव एक असले म्हणजे नाते असतेच असे नाही, आणि आडनाव भिन्न असले म्हणजे नाते नसतेच असेही नाही. म्हणून विवाहापूर्वी नाते तपासावयाचे ते आडनावावरून नव्हे, तर आज्या-पणज्यांच्या नावांवरून आणि देवळाच्या नोंदवह्यांवरून.

तिसरा प्रश्न : मुलाला भारतीय भाषेतले नाव चालेल काय? १९१७ सालच्या धर्मसंहितेत धर्मगुरूंस असे सांगितले होते की मुलास ख्रिस्ती नाव दिले जाईल असे पाहावे. आईबापांनी तसे न केल्यास त्यांनी ठेवलेल्या नावास संताचे नाव जोडावे आणि नोंदवहीत दोन्ही लिहावीत. १९८३ सालच्या संहितेने हा नियम सौम्य केला. ख्रिस्ती भावनेशी विसंगत असे नाव ठेवले जाऊ नये, याची काळजी आईबाप, धर्ममातापिता आणि धर्मगुरू यांनी घ्यावी, एवढेच आता अपेक्षित आहे. तेव्हा प्रकाश, आनंद, विजय, दया, शांती ही नावे खुशाल ठेवावीत. किंबहुना लुसिया आणि प्रकाश, फेलिक्स आणि आनंद, विसेंत आणि विजय यांत अर्थाचे अंतर ते कितीसे? मत्तय म्हणजे देवाचे दान; आपल्याकडे देवदत्त म्हणतात. मात्र संताचे नावही जोडीला असावे, असे आम्ही सुचवितो; कारण त्यायोगे मुलाला एक सोबती आणि वर्षातून एक सण मिळतो. नुसते कानाला गोड लागते म्हणून अर्थहीन अक्षरे जुळवून नाव बनविण्याची जी टूम निघाली आहे, ती मात्र बरी नव्हे. मूल मोठे होऊन 'माझ्या नावाचा अर्थ काय?' असे विचारील, तेव्हा आईबापांपाशी उत्तर असले पाहिजे.

कुटुंबांस काही सूचना

अखेरीस व्यवहाराच्या चार गोष्टी. घरात दुमिंग, बाप्तिस्म्याच्या नोंदीत दोमिंगोस, शाळेत डॉमिनिक आणि आधारपत्रावर आणखी काही, असे एकाच माणसाचे चार अवतार आपल्या गावांत सर्रास दिसतात. वारसाहक्क, निवृत्तिवेतन किंवा परदेशगमन यांची वेळ आली की हा घोळ फार महागात पडतो. म्हणून मुलाच्या जन्मनोंदणीत, बाप्तिस्म्याच्या नोंदीत आणि शाळेच्या दाखल्यात नावाची अक्षरे एकसारखी लिहून घ्यावीत, आणि लिहिलेले तेथल्या तेथे वाचून पाहावे. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदीत चूक आढळल्यास धर्मगुरूंजवळ दुरुस्तीचा हट्ट धरू नये. नोंदवहीत स्वतःच्या मनाने खाडाखोड करण्याची त्यांना सामान्यतः मुभा नसते. कागदपत्रांसह अर्ज करावा, म्हणजे धर्मप्रांताच्या कार्यालयामार्फत योग्य ती दुरुस्ती होते.

ज्यांना घराण्याचे मूळ शोधावयाचे असेल त्यांनी प्रथम आपल्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी पाहाव्यात. मूळ गाव गोव्यात असेल तर तेथील गावकारीच्या, म्हणजे कोमुनिदादच्या, वह्या आणि १५९५ साली स्थापन झालेले पणजीचे पुराभिलेखागार यांचा उपयोग होतो.

परंतु सर्वांत मोठी नोंदवही आपल्या घरातच बसलेली असते. ती म्हणजे आपली म्हातारी माणसे. आजीला तिच्या आजीचे नाव ठाऊक असते, कोण कोठून आले ते ठाऊक असते, आपल्या घरास गावात कोणत्या नावाने ओळखत तेही ठाऊक असते. ती वही एक दिवस कायमची मिटणार आहे. म्हणून या रविवारी मिस्सा आटोपून घरी आल्यावर एक साधी वही घ्यावी, आजीआजोबांजवळ बसावे आणि त्यांच्या तोंडची नावे एकेक करून लिहून काढावीत : कोणाचा कोण, कोणत्या गावचा, कोणत्या संताच्या नावाचा. वही भरली म्हणजे घरातील लहानांना ती वाचून दाखवावी आणि पवित्र शास्त्राशेजारी जपून ठेवावी.